रागिणीची चुंबकांची साखळी

पातूरजवळच्या शेतकरी घरातली रागिणी अकोल्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि सुट्टी मिळाली की पीएचडीसाठी अमरावती गाठायची. एका रांगेत बसवलेले असंख्य इवलेसे चुंबक, प्रत्येकाचं तोंड एक तर वर नाही तर खाली, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यासारखं वागायची ओढ, हा तिचा विषय. तिच्या साखळीत काही जोड घट्ट होते, काही सैल. जराशी जरी उष्णता असली तरी लांबलचक साखळी एका दिशेला टिकणार नाही, असं तिच्या सूत्रातून निघत होतं.

कॉम्प्युटर मात्र ऐकेना. थंड साखळीतले सगळे चुंबक त्याने वर तोंड करून तसेच उभे ठेवले.

"गणित पुन्हा तपासा," तिचे मार्गदर्शक वसंत सर म्हणाले. "एवढा फरक पडायला नको."

तिने तपासलं. चूक सापडेना. अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवरून अकोल्याला परतताना गाडीत ती अगदी रडकुंडीला आली होती. मूर्तिजापूर मागे पडलं आणि ती एकदम ताठ बसली. प्रोग्राम एका वेळी एकच चुंबक उलटवत होता! मधला एकटा उलटला की दोन्ही शेजाऱ्यांशी बिघडतं, आणि थंडीत तेवढी ऊर्जा मिळणार कुठून? पण एका जागेपासून टोकापर्यंतचे सगळे एकदम उलटवले, तर एकच जोड बिघडतो. आणि तशा जागा तर साखळीभर पडल्यात!

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिने प्रोग्राम नव्याने लिहिला. पडद्यावरचे ठिपके एकेक करत सूत्राच्या रेषेवर येऊन बसले.

"सर, गणित बरोबर आहे!" ती फोनवर जवळजवळ ओरडलीच. सगळं ऐकून सर मनापासून हसले. "आता हे मला नीट शिकवा."

मौखिक परीक्षेला तिचे वडील खुशालराव मागच्या बाकावर येऊन बसले. बाहेरून आलेल्या परीक्षक कुंदाताईंनी नेमकं तेच विचारलं, "कॉम्प्युटर वेगळं सांगत असताना सूत्र का नाही बदललंत?"

"त्यात चूक सापडल्याशिवाय कसं बदलणार, मॅडम?" म्हणत रागिणीने खडू उचलला आणि फळा भरून टाकला.

"अभिनंदन, डॉक्टर रागिणी!" कुंदाताई उठून उभ्या राहिल्या.

खुशालरावांनी लेकीचा हात धरला. "मले त्यातलं काई समजलं नाई. पण तू बोलून राहिली होती ना पोरी, तवा हॉलमंदी कोनी खोकललं सुदिक नाई!"

बाहेर कँटीनमध्ये चहा सांगतानाही त्यांना राहवलं नाही. "हे माही पोरगी," चहावाल्याला ते म्हणाले, "डॉक्टर झाली आज."