दादाचा लोहारी व्हाइस

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत मयूर विहारच्या घरी चहा पीत होतो. आता सहा आठवडे झाले, म्हणून लिहितो. आधी वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं…

बाजार खुला झाला त्या वर्षांत दादाने सरकारी वर्कशॉपची नोकरी सोडून नोएडात ग्रिल-रेलिंगचा कारखाना टाकला. नव्या सोसायट्या उठत होत्या, कामाला तोटा नव्हता. जाड पट्टी तापवायची, व्हाइसच्या जबड्यात आवळायची आणि घणाने वाकवायची, हे रोजचंच. त्यासाठी त्याला लोहाराकडे असतो तसा, घडीव पोलादाचा, खाली जमिनीपर्यंत पाय असलेला व्हाइस हवा होता. "ठोका जमिनीत उतरला पाहिजे रे. ओतीव बिडाचा असला की तडकतो," तो म्हणाला. मी घरातला एकुलता एक इंजिनिअर. कॅटलॉग उघडून मी त्याला टेबलावर बसवायच्या बिडाच्या व्हाइसच्या जबड्याची रुंदी, वजन, चकचकीत रंग दाखवला. "दादा, इथे बिल्डर लोक येणार. लोहाराचं दुकान वाटायला नको." धाकट्या भावाच्या डिग्रीचा त्याला भारी अभिमान, त्याने ऐकलं. बिडाचा व्हाइस टेबलावर बसला. चौथ्या महिन्यात त्याचा जबडा फुटला आणि एक कपची दादाच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला नाही.

दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, असला व्हाइस घेतला कुणी? "मीच निवडला होता," दादा म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी गप्प बसलो, आणि पुढे आयुष्यभर गप्पच बसलो. "कारीगर अच्छा है, पर औज़ार की समझ नहीं," असं एक बिल्डर त्याच्या तोंडावर म्हणाला तेव्हाही मी शेजारीच उभा होतो. दादाने त्याला चहा मागवला.

शोकसभेत दादाचा मुलगा निखिल म्हणाला, "बाबांचा एकच निर्णय चुकला, तो व्हाइस." पहिल्या रांगेत बसून मी मान डोलावली. इतका कोडगा झालो होतो मी.

गेल्या आठवड्यात कारखान्यात गेलो. डोळा गेल्यावर दादाने आणलेला लोहारी व्हाइस तिथेच आहे, पाय फरशीत पक्का गाडलेला. निखिल त्याच्या स्क्रूला ग्रीस लावत होता. म्हटलं, "निखिल, तो पहिला व्हाइस मी निवडला होता. दादा नको म्हणत होता."

त्याचा हात थांबला नाही. "माहितीये, काका. आईने केव्हाच सांगितलं होतं."

"मग सभेत तसं का बोललास?"

"तुम्ही उठताय का, ते बघत होतो."

त्याने बोटं चिंधीला पुसली, दादाच्या व्हाइसमध्ये पट्टी आवळली आणि घण उचलला. मी बाजूला झालो.