कोऱ्या पानावरची सही

आमच्या घरात कांदा लागवडीच्या टोळीतल्या त्या बायांचा विषय निघाला की हसायला सुरुवात होते. मालक म्हणतात, कांदे लावता लावता राज्य करायला निघाल्या. दीर म्हणतात, निशाणी खुरपं घ्या म्हणावं. मी भाकरी थापत राहते. मला भांडता येत नाही. चारचौघांत तर तोंडच उघडत नाही. म्हणून इथं लिहिते.

सोनईच्या पलीकडं आमचं छोटं गाव. आमच्या वस्तीवर नळ येणार होता. गावात महिलांची ग्रामसभा मात्र कधी भरतच नव्हती. पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार यायचा. कोणाचे हात पिठात, कोणी जनावरांना पाणी पाजतंय. तो बोट ठेवील तिथं सही करायची. झाली सभा. मला तर आपल्याला सही येते याचंच कौतुक. मागच्या हिवाळ्यात मीही केली. पान कोरं होतं. मग त्यावर ठराव लिहिला गेला: पाइपलाइन आधी बाजारतळाकडं न्यावी, वस्तीवरच्या महिलांची हरकत नाही. मी अजून पाटापलीकडच्या विहिरीवरून हंडे आणते, आणि माझीच सही सांगते, हिची हरकत नाही.

हे कळलं कांदा लागवडीत. आमच्याच गावच्या त्या टोळीतल्या बायांनी पंचायतीत जाऊन रजिस्टर बघायला मागितलं होतं. त्यांच्याकडं झेंडा नाही, पुढारी नाही. टेम्पोतून एका गावाहून दुसऱ्या गावाला लागवडीला जातात आणि तिथल्या बायांना एवढंच सांगतात, सभेला जाऊन बसा, वाचल्याशिवाय सही करू नका. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी खरोखरची सभा भरवायला लावली. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. ग्रामसेवकांनी रजिस्टर पुढं करून विचारलं, "ताई, सही तुमचीच ना?"

मी व्हय म्हणाले. टोळीची मुकादमीण शेजारी होती. हळूच म्हणाली, "पुढचं बी सांग. आमी हाये इथं."

"सही माझी हाय," मी म्हणाले, "पर वर काय लिवलेलं न्हवतं."

तोंडी चालत नाही, लेखी द्या, असं ग्रामसेवक साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, ही आता गप बसेल. मी कागद मागितला. चौथीपर्यंतचं शिक्षण, जोडाक्षराला पेन अडायचं. चार ओळींना अर्धा तास गेला. पुरुष चहाला उठले. जाता जाता एकजण म्हणाला, "पुढच्या सभेपर्यंत हुईल ना, वहिनी?" बाया मात्र हलल्या नाहीत. कोणाची गाय धारेला खोळंबली होती, कोणाची सासू वाट बघत होती, तरी बसून राहिल्या.

अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला. मालकांनी तो बघून विचारलं, "शिक्क्यातून पाणी येतं व्हय?"

नाही येत. नळ आलेला नाही, येईल की नाही ठाऊक नाही. पण आजवर मतं मागायला दारात जेवढे आले, त्यातलं कोणी माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत थांबलं नव्हतं.

आता ती मुकादमीण पंचायतीला उभी राहतेय. मत कोणाला देणार, हे मालकांनी मला विचारलेलं नाही. ते सांगतील त्यालाच, असं धरूनच चाललेत.