विष्णू खोटा ठरावा म्हणून

माझ्याकडची विष्णूची मूर्ती खोटी आहे, हे सरकारदरबारी सिद्ध व्हायला नऊ दिवस लागले. त्याआधीची अकरा वर्षं मी ती खरी असल्याचं लोकांना पटवण्यात घालवली होती.

बँकेच्या बदलीनं कोलकात्याला आलो, तिथल्या बेहाला भागात फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिलो. रिकाम्या माणसाला काहीतरी नाद लागतोच. मला जुन्या वस्तूंचा लागला. देवळाच्या विटेचा तुकडा, मडक्याची मान, राजा कोण ते कळू नये इतकं झिजलेलं नाणं. (माझी बायको सुधा या संग्रहाला ‘राडारोडा’ म्हणते.) त्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे काळ्या दगडाची, वीतभर उंचीची विष्णुमूर्ती. कोलकात्याजवळच्या बजबज गावात ज्यूट मिलमधले एक निवृत्त कारकून आहेत, त्यांच्याकडून घेतलेली. शेजारचं तळं उपसताना सापडली, असं त्यांनी देवाशपथ सांगितलं होतं. मी चार पुस्तकं चाळून ती अकराव्या शतकातली, पाल राजांच्या काळातली ठरवून टाकली. मग घरी येईल त्याला मुकुटापासून पायाखालच्या कमळापर्यंत मूर्ती समजावून सांगायची. एकदा गॅसवाला भरलेलं सिलिंडर तसंच खांद्यावर घेऊन परत गेला.

आमची मुग्धा सिंगापूरला असते. तिचे दिवस भरत आले, म्हणून आम्ही दोघं निघालो. नातवंडाला सोन्याची साखळी काय, कुणीही देतं. आपण हजार वर्षांची मूर्ती द्यावी असं मी ठरवलं. असल्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, हे मी वाचलेलं होतं. पण निर्यात म्हणजे खिदिरपूरच्या गोदीतून जहाजानं जाते ती, मेतकूट आणि डिंकाच्या लाडवांच्या मधे बसून जाते ती नव्हे, अशी माझी समजूत होती.

विमानतळावर कस्टमच्या एका तरुण अधिकाऱ्यानं बॅग उघडायला सांगितली. मूर्ती हातात घेऊन त्यानं हिंदीत अगदी सहज विचारलं, हे काय आहे? घरातला देव आहे, एवढं म्हटलं असतं तर तो बहुतेक हात जोडून बाजूला झाला असता. पण इतक्या आस्थेनं मला अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! मी मुकुटापासून सुरुवात केली. सुधानं दंडाला चिमटा काढला, तेव्हा मी गदेपर्यंत आलो होतो. कमळाला पोचलो तेव्हा समोर तीन अधिकारी उभे होते आणि त्यातला एक लिहून घेत होता.

मग चूक ध्यानात आली. मी घाईघाईनं सांगितलं, मूर्ती नवीही असू शकेल, मला त्यातलं विशेष कळत नाही. तरुण अधिकारी समजुतीनं म्हणाला, “दादा, खोटी आहे असं सगळेच म्हणतात. पण खोट्या मूर्तीची माहिती इतकी कुणी देत नाही.”

शेवटी असं ठरलं, की तज्ज्ञांचं मत येईपर्यंत मूर्ती त्यांच्याकडे राहील आणि मी शहर सोडायचं नाही. जुनी ठरली तर पुढं खटला. सुधा विमानाकडे एकटी निघाली. जाताना एवढंच म्हणाली, “अहो, आता त्या तज्ज्ञांपुढं तरी कमी बोला.”

मी खोटेपणाचे पुरावे जमवायला लागलो. आमचे स्नेही जोशी गेली कित्येक वर्षं माझ्या विष्णूला तोंडावर ‘सिमेंटचा’ म्हणत आले होते. त्यांना म्हटलं, एवढंच कागदावर लिहून द्या. जोशी एकदम गंभीर झाले. सरकारी काम आहे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मूर्तीच्या चेहऱ्यावर काहीतरी पुरातन तेज त्यांना पहिल्यापासून जाणवत होतं. बजबजला गेलो, तर कारकूनबाबूंनी चहा पाजला आणि मूर्ती खोटी होती असं कबूल करा म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. उभ्या जन्मात कुणाला फसवलं नाही, म्हणाले. मीच त्यांची माफी मागून परत आलो. इकडे रात्रीची झोप उडाली होती. तिकडे मुलगी बाळंत व्हायची, आणि इथं आजोबांवर मूर्तिचोरीचा खटला!

नवव्या दिवशी बोलावणं आलं. तज्ज्ञ म्हणजे एक किरकोळ अंगाच्या, सुती साडीतल्या बंगाली बाई होत्या. त्यांनी मूर्ती उलटी केली, भिंग लावलं, तळावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “एटा तो नोतुन.” म्हणजे ही तर नवीन आहे. यंत्रानं कापलेला दगड, जुना दिसावा म्हणून वर आम्लाचा हात. वय फार तर पंधरा वर्षं. सगळं मिळून चार मिनिटं.

मी सुटलो होतो. गुपचूप उठून बाहेर पडायचं. पण चार मिनिटं? माझा विष्णू चार मिनिटांचा? मी खुर्ची पुढे ओढली आणि मुकुटाची घडण, कमळाच्या पाकळ्या, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम,” मी शेवटी म्हणालो, “निदान चौदावं शतक तरी?”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “लिहू का तसं?”

“नको,” मी म्हणालो.

कागद हातात घेऊन बाहेर आलो, तर सुधाचा फोन. मुग्धाला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तुमचं काय झालं, तिनं विचारलं. म्हटलं, खोटी निघाली. अकरा वर्षं मी मूर्खासारखा फसलो होतो.

पलीकडे तिनं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं आणि खोलीत टाळ्या वाजल्या. माझ्या मूर्खपणाबद्दल घरच्यांनी टाळ्या वाजवल्याची ही पहिलीच वेळ. एरवी ते तो नुसता गृहीत धरतात.