रुईची पानं आणि पुराची रेघ

अल्डर, विलो, ॲश. ही झाडं मला सतराव्या वर्षी तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. नदीही धड पाहिली नव्हती. सुट्टीत पुण्याला गेलं की पुलावरून दिसायची, पण तिच्याकडे बघून कुणाला वनस्पतिशास्त्र सुचेल असं नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अबुधाबीत राहायचो आणि माझी शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची होती. बायॉलॉजीच्या प्रोजेक्टचा विषय तिकडून आला: लहान नदीकाठच्या, पूर झेलणाऱ्या पानगळीच्या जंगलात कोणतं झाड पाण्यापासून किती लांब उभं राहतं. पाण्यात पाय बुडवून अल्डर आणि विलो, जरा वर ॲश, आणि पूर क्वचितच पोचतो तिथे ओक. सरांनी कागद वाचला, खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे पाहिलं आणि म्हणाले, "जवळात जवळची नदी घ्या." या प्रोजेक्टच्या ग्रेडवर इंग्लंडमधल्या कॉलेजातली माझी सीट ठरणार होती. दुसरीकडे कुठे अर्ज केलेला नव्हता, कारण मी हट्टी होते आणि आहे.

बाबा शहराबाहेर, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर होते. त्यांना अडचण सांगितली की ते वेल्डिंग करायचे. एक मीटर बाय एक मीटर जागेतली झाडं मोजायची आहेत म्हटल्यावर त्यांनी लोखंडी अँगलची चौकट करून आणली, वर पिवळा सेफ्टी पेंट. सर म्हणाले होते, सुतळी चालेल. चौकट उचलायला दोन माणसं लागायची.

मग एका शुक्रवारी पहाटे बाबा "यल्ला", म्हणजे अरबीत चला, म्हणाले आणि आम्ही फुजैऱ्याकडच्या डोंगरातल्या एका वादीत गेलो. वादी म्हणजे ओढाच, फक्त वर्षातून दोनदा वाहण्याचे कष्ट घेणारा. आईनं वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. त्या अर्ध्या वाटेत संपल्या.

वादीत पाणी होतं. एक डबकं. मी डबक्याच्या काठापासून टेप सोडली आणि बाबांना हाताशी घेऊन दर पाच मीटरला चौकट टाकायला लागले. तासाभरात रडकुंडीला आले. काठाशी बोरूसारखं उंच गवत मिळालं, ते ठीक. पण कण्हेर पाच मीटरवर होती, मग नव्हतीच, आणि पंचवीस मीटरवर पुन्हा झकास फुलून उभी. बाभळीची आणि बोराची जात कुठेही. रांग म्हणून नाही. कागदावरचा अल्डर कसा शहाण्यासारखा आपल्या जागी उभा होता!

रुईची झुडपं असलेली जागा मी नीट मोजण्यासाठी शेवटाला ठेवली होती. तिथे पोचले तर झुडपं उघडी. नुसते दांडे, त्यातून पांढरा चीक गळतोय. शेजारी आई उभी, ओढणीची झोळी करून, झोळीत पानं.

"अगं, उद्या शनिवार," ती आनंदानं म्हणाली. "अकरा वर्षांत मारुतीला रुईची माळ नाही मिळाली. एकशे आठ घेतली बघ, मोजून."

आमचा मारुती फ्रिजवर, फ्रेममध्ये होता. मी त्याचाही विचार केला नाही. मी इंग्रजीत ओरडले, कारण भांडताना मला तीच भाषा यायची. तुला यातलं काय कळतं, माझं अख्खं वर्ष घालवलंस, तुला आणायलाच नको होतं. बाबा चौकटीचा एक जोड तपासायला खाली वाकले ते वर उठेनात.

आईनं पानं हळूच एका दगडावर ठेवली. हात ओढणीला पुसले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग माझ्या टेपकडे बघत, "पण तू त्या डबक्यापासून का मोजतेयस?"

"पाणी तिथे आहे म्हणून."

"आज आहे गं. आमच्या गावच्या ओढ्याला उन्हाळ्यात एवढंच असायचं. झाडं काय उन्हाळ्यातलं पाणी बघून उभी राहतात? पूर कुठवर येतो ते बघ की." तिनं वर बोट केलं. बोराच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, काड्या, वाळकं गवत आणि एक फाटकी प्लास्टिकची पिशवी अडकली होती. समोरच्या बाभळीतही, त्याच उंचीवर. "ही पुराची रेघ. आणि ती लांबची कण्हेर आहे ना, तिथे बघ कसे गोल गोटे आहेत. तिथून दुसरा ओहोळ धावतो."

मी गोटे पाहिले. खरंच गोल होते. टेप गुंडाळली.

दुपार होईपर्यंत आम्ही पुराच्या रेघेपासून पुन्हा मोजलं. आई म्हणेल तिथे बाबा टेप धरायचे. कण्हेर दोन्ही वाहत्या जागांच्या कडेला, त्यामागे झाऊची झुडपं, मग बोर, आणि रेघेच्याही वर कोरड्यात रुई. सगळी आपापल्या जागी. मोजता मोजता आईनं तिच्या ओढ्यावरचे उंबर, करंज, जांभूळ सांगितले, कोण किती पाणी सोसतं ते. मी भराभर लिहून घेतलं. निघताना पानं दगडावरच राहिली. तिनं घेतली नाहीत आणि मी घे म्हटलं नाही.

प्रोजेक्टला सर्वांत वरची ग्रेड मिळाली. पुराच्या रेघेबद्दल परीक्षकांनी वेगळं कौतुक लिहिलं होतं. सीट पक्की झाली.

प्रोजेक्टची वही परत आली तेव्हा आई चष्मा लावून वाचायला बसली. इंग्रजी ती सावकाश वाचायची, एकेका शब्दावर बोट ठेवून. पहिल्या पानावर आभार होते: सरांचे, लॅबचे, बाबांचे. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, थांबलं, मग तिनं पान उलटलं.

"बाबांचे मानलेस ते बरं केलंस," ती म्हणाली. "एवढी गाडी चालवली त्यांनी."

टोमणा असता तर मी भांडले असते. पण तो टोमणा नव्हता.