कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या मुली

शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा मला भूगोल शिकवायला लागून सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं मी फळ्यावर खडूने अरबी समुद्र काढत होते आणि त्यावर वाऱ्यांचे बाण. धुळ्याला देवपुरात आमची मुलींची शाळा. नव्वदचं दशक संपत आलेलं. शिवणकामाची खोली रिकामी करून तिथे तीन यंत्रं मांडली, त्यातल्या एकाला इंटरनेट होतं. त्याची तार ऑफिसातल्या फोनला जोडलेली, म्हणजे मुख्याध्यापकांनी रिसीव्हर उचलला की आमचं इंटरनेट पडलंच. तरी त्या खोलीचा थाट काय विचारता! मॉनिटरला हळदीकुंकू, वर सरस्वतीची तसबीर, रोज सकाळी उदबत्ती. पहिल्या दिवशी फोडलेल्या नारळाचं पाणी की-बोर्डात गेलं आणि दोन बटणं कायमची चिकटली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर बाहेरचे एक सर आम्हा पाच शिक्षकांना शिकवायला यायचे. मी नशिराबादच्या शेतकऱ्याची मुलगी, बैलगाडी हाकलेली, पण माउस हातात धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. आमचे विज्ञानाचे सर हसले. म्हणाले, "बाई, तुमचा भूगोल पुस्तकातच बरा." मला अशा मिरच्या झोंबल्या की मी घरी गेल्यावर पोळपाटावर लिंबू फिरवून हाताला वळण लावलं. नवरा बघत राहिला. मी म्हटलं, बघू नका, कणीक मळा.

मग एका शनिवारी शिकवायला येणाऱ्या त्या बाहेरच्या सरांनी मला उपग्रहावरून काढलेलं ढगांचं चित्र कसं उघडायचं ते दाखवलं. पत्ता टाइप केला, तो कागदावर लिहून घेतला. चित्र वरून एकेक पट्टी करत खाली उतरायला लागलं. आधी हिमालय, मग गुजरात, मग आपला खान्देश आणि समुद्रावर पांढऱ्या ढगांचा एक भलामोठा भोवरा. सतरा वर्षं जे मी खडूने काढत होते ते तिथे खरोखर होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तेव्हाच ठरवलं, माझ्या नववीच्या प्रत्येक मुलीने हे स्वतःच्या हाताने उघडलं पाहिजे.

नववीची वर्गशिक्षिका मीच होते. वर्गात चौसष्ट मुली. नोव्हेंबरपासून दर सोमवारी आणि गुरुवारी हजेरीच्या क्रमाने आठ-आठ जणींना कॉम्प्युटरचा तास. म्हणजे एकीचा नंबर बरोबर चार आठवड्यांनी यायचा. दहावीला बोर्डाची परीक्षा, म्हणून दहावीत कॉम्प्युटर नाही. जे काय शिकायचं ते याच वर्षात.

खोलीची किल्ली अक्कांकडे. अक्का म्हणजे आमच्या शाळेतल्या सेविका, चाळिशीतल्या, माझ्याच वयाच्या, पण सगळी शाळा त्यांना अक्काच म्हणायची. त्या दारात उभ्या राहायच्या. चपला काढून घ्यायच्या आणि प्रत्येक बाईला, प्रत्येक मुलीला हळूच विचारायच्या, "आज तुमले चालस ना? देवनं ठिकान शे." पुरुषांना फक्त चपला.

पहिल्यांदा हे मला विचारलं तेव्हा मला खरंच चालत नव्हतं. मी काय केलं? गुपचूप माघारी फिरले आणि स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले. दुसऱ्यांदाही तेच. घरी तरी काय, त्या चार दिवसांत मी स्वतः लोणच्याच्या बरणीला हात लावत नव्हते. तेव्हा मोठा शहाणपणा सांगायला माझं तोंड नव्हतं.

पण जानेवारीत एका सोमवारी तासाला जाताना पाहिलं, आवारातल्या नळापाशी तीन मुली उभ्या. आठातल्या तीन. त्यातली एक साक्रीकडच्या डोंगराकडच्या गावातली, वसतिगृहात राहणारी, नकाशा इतका नेटका काढायची की मी तिची वही दुसऱ्या वर्गांत फिरवायची. तिला विचारलं, इथे काय करतेस? तिने मान खाली घातली.

"तीन खेप मना नंबर उना, बाई. तिन्ही खेप मी नळपाशीच."

तीन वेळा नंबर आला आणि तिन्ही वेळा ही बाहेर? मला आधी कळेना. मग कळलं. नंबर चार आठवड्यांनी यायचा आणि हिचंही चार आठवड्यांनी. घड्याळासारखी नियमित पोरगी. गेलेला नंबर परत मिळायचा नाही. नोव्हेंबरपासून तिने त्या यंत्राला बोटसुद्धा लावलं नव्हतं. वार्षिक परीक्षेआधी तिचा एकच नंबर उरला होता, फेब्रुवारीत, आणि तोही त्याच दिवशी येणार हे आम्हा दोघींनाही बोटांवर मोजता येत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच अक्कांकडे गेले. त्या खोलीत फडकं मारत होत्या. म्हटलं, "अक्का, एक सांगा. तुमच्या त्या दिवसांत ही खोली कोण झाडतं?"

"मीच."

"आणि तसबिरीवरची धूळ?"

"ती बी मीच." त्यांनी फडकं झटकलं. "माले कोन इचारस, बाई? झाडूले बठ्ठं चालस."

झाडूला सगळं चालतं, हे त्या अजिबात रागावून बोलल्या नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मग मुख्याध्यापकांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण या विषयाचं नाव काढताच टेबलावरचे कागद सरळ करायला लागला. म्हणाले, "बाई, हा नियम काही मी केलेला नाही. हे तुमच्या बायकांमधलं आहे, तुम्ही आपसात बघा."

"मग मी मोडते."

"तसं नाही... देवाचं ठिकाण आहे. उद्या मशीनला काही झालं तर संस्थेला मी काय सांगू?"

"सर, मशीनला जे व्हायचं ते नारळाने केलंय."

त्यांनी पुन्हा कागद सरळ केले. मी बाहेर आले.

महिनाभर माझं डोकं त्याच एका गोष्टीभोवती फिरत होतं. पोरीला सरळ आत घेऊन गेले असते, पण मग सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, तिला व्हरांड्यात उभं करून मी लढाई लढायची? ते मला मान्य नव्हतं. खोटं बोल, असं तिला सांगितलं असतं तर पोरीने ऐकलंही असतं. पण खोटं बोलायचंच असेल तर ते मी बोलेन, तिने का बोलावं?

फेब्रुवारीतला तो सोमवार आला. आठही मुलींना मी स्वतः ओळीने घेऊन आले, तिला अगदी माझ्या मागे उभी केली. मुख्याध्यापक त्यांच्या दारात कुणाशी तरी बोलत उभे. विज्ञानाचे सर खडू-डस्टर घेऊन चाललेले. अक्कांनी माझ्या चपला बाजूला सरकवल्या आणि नेहमीसारखं हळूच विचारलं.

मी मात्र हळू बोलले नाही. शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला ऐकू जावं इतका माझा आवाज, सतरा वर्षांत कमावलेला. म्हटलं, "नाही अक्का, आज मला चालत नाही. मला पाळी आली आहे. दुसरा दिवस आहे. आणि मी आत जाणार आहे."

काय सांगू काय झालं ते! विज्ञानाच्या सरांच्या हातातलं डस्टर पडलं. मुख्याध्यापक आत शिरले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत. अक्का तोंडावर पदर धरून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. अख्खा व्हरांडा माझ्याकडे बघत होता, आणि मला तेच हवं होतं. माझ्या पाठीमागून आठही मुली आत गेल्या. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पाळी आलेली नव्हती.

इंटरनेटवालं यंत्र मी तिला दिलं. पत्त्याचा कागद पुढे ठेवला. तिने एका बोटाने एकेक अक्षर शोधलं, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर. चित्र पट्टीपट्टीने उतरायला लागलं. गुजरातपर्यंत आलं आणि लाइन गेली. मुख्याध्यापकांनी फोन उचलला असणार, त्यांना तरी दुसरं काय सुचणार होतं? मी म्हटलं, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं. या वेळी खाली श्रीलंकेपर्यंत सगळं उतरलं. तिने पडद्यावर साक्री कुठे असेल तिथे बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं, तास संपेपर्यंत.

दोन दिवसांनी मला मेमो आला. खोलीची शिस्त मोडली, लेखी खुलासा द्यावा. मी त्याच कागदाखाली तीन ओळी लिहिल्या. सोमवारी मला मासिक पाळी आलेली असताना मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले, हे खरे आहे. तिन्ही यंत्रे चालू आहेत. पुढील महिन्यातही मी जाणार आहे. मुलींचा उल्लेख कुठेही नाही.

मुख्याध्यापकांनी वाचलं आणि कानापर्यंत लाल झाले. "बाई, हा शब्द बदला. हा कागद मला संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवावा लागेल."

"दाखवा ना, सर. मोठ्याने वाचा. वाटल्यास मी येऊन वाचते."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग कागदाची घडी केली, टेबलाच्या खणात टाकली आणि खण लोटून दिला. "जाऊ द्या," म्हणाले. "अक्कांना सांगा, दारात काही विचारायचं नाही."

"तुम्ही सांगा. नियम तुमच्या शाळेचा आहे."

आणि त्यांनी सांगितलं. ऑफिसच्या दारात उभं राहून, खाली बघत, पण सांगितलं. त्या दिवसापासून कुणी नळापाशी उभं राहिलं नाही. मी जिंकले होते, आणि पंधरा दिवस त्या तोऱ्यातच शाळेत वावरले.

मग परीक्षेआधी एकदा निवांतपणे नववीची कॉम्प्युटरच्या तासाची हजेरी उघडून बसले आणि मोजायला लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोमवार आणि गुरुवार, कुणाकुणाचे नंबर बुडाले असतील. अकरा मुली निघाल्या. त्यांतल्या चौघींना आता पुन्हा नंबर मिळणार नव्हता, कारण वर्ष संपत आलं होतं. ते सगळे महिने मी त्याच व्हरांड्यातून जात-येत होते, आणि दोन शनिवार तर स्वतःच मूग गिळून परत फिरले होते. त्याचा खुलासा माझ्याकडे कुणी मागितला नाही.