पडू द्या मला

पडदेवाल्या काकूंना आयुष्यात एकाच उंचीचं कौतुक होतं, ते म्हणजे घडीच्या शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीचं. तिथं चढलं की लोकांच्या घराची खरी हकीकत कळते, असं त्या म्हणायच्या. खालून सगळी घरं सारखीच टापटीप असतात. काका खाली शिडी धरून उभे राहायचे आणि काकू वर दांड्यात कड्या ओवता ओवता हळू आवाजात बातम्या द्यायच्या. "अहो, यांच्या कपाटावर डंबेल्स आहेत. धूळ खातायत. तरीच साहेबांचं पोट पुढं!" काका हसू दाबायचे आणि शिडी आणखी घट्ट धरायचे. शेवटी काकू पडदा सोडायच्या. नवं कापड चुण्या उलगडत जमिनीपर्यंत जायचं, खोलीतला उजेड बदलायचा, आणि घरातली माणसं नकळत 'वा' म्हणायची. त्या 'वा'साठीच आपण हा धंदा करतो, पैसे आपले पोटापुरते, असं काकूंचं मत होतं.

मग एका तापात त्यांचा डावा कान दुखावला. ऐकू येत होतं, तोल मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती एका बाजूची अधू झालीय. भोवळ कमी होत जाईल, पण अंधारात, गर्दीत आणि मान वर केली की पाय भरकटणार. पडदे लावणाऱ्या बाईला मान वर करू नको सांगणं म्हणजे माशाला कोरडा राहा सांगण्यासारखंच. काकूंनी ऐकलं नाही. घरचाच पडदा काढायला स्टुलावर चढल्या आणि टेबलाच्या कडेवर आदळल्या. बरगडीला तडा गेला. त्या दिवशी काकांनी त्यांचं कोपर जे धरलं, ते मग सोडायचं नावच घेईनात.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे ठीक. काका तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. मशीनपासून दारापर्यंत कोपर. दारापासून रस्त्यापर्यंत कोपर. गिऱ्हाइकांकडे ते एकटेच जायचे, शिडीचा पाय दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून वर चढायचे आणि पडदा लावून यायचे. काकू घरी बसून शिवायच्या. आपण शिवलेला पडदा कुठल्या खिडकीत गेला, तिथं उजेड कसा पडतो, हे त्यांना काही म्हणता काही कळेना. विचारलं तर काका म्हणायचे, "लागला. बरा दिसतो." बरा! एवढ्या चुण्या घातल्या त्या 'बरा' ऐकायला? रात्री पडल्या पडल्या त्यांना ती वरची पायरी आठवायची, आणि खरं सांगायचं तर पायरीपेक्षाही खालचं ते दाबलेलं हसू आठवायचं. नवरा चोवीस तास शेजारी होता, आणि काकूंना त्याचीच आठवण यायची.

ज्युदोचे वर्ग घेणाऱ्या एक ताई आल्या त्या तिथल्या कपडे बदलायच्या खोलीसाठी पडदे सांगायला. केस पिकलेले, बांधा दणकट, आवाज खणखणीत. काका काकूंना कोपराला धरून मशीनवरून उठवतायत हे त्यांनी पाहिलं आणि सरळ विचारलं, "पडायची भीती वाटते का? मग पडायला शिका की. सुरुवातीला मी दुसरं काही शिकवतच नाही."

"पडायला शिकवायची फी घेता?" काका म्हणाले.

"उठायचं फुकट शिकवते," ताई म्हणाल्या.

काकू हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या म्हणून काकांनी हरकत घेतली नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हातचं राखून: जाड गाद्यांवर, सावकाश, आणि कुणी उचलून फेकायचं नाही. पहिल्या दिवशी काकू पांढरा जाड कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तर झबलं आहे. शिलाईपण धड नाही." बसल्या जागेवरून मागं लवंडायचं, हनुवटी छातीला लावायची आणि पाठ टेकता टेकता हात सपाट गादीवर आपटायचा, म्हणजे मार हाताच्या तळव्यातून गादीत जातो, डोक्याला लागत नाही. सांगायला सोपं. लवंडल्याबरोबर छत गरगरलं आणि काकू बादली शोधत बाहेर धावल्या. काका बाकावरून उठलेच. "पुरे झालं. चल घरी."

"बसा हो," काकू बादलीत तोंड घालूनच म्हणाल्या.

असं पुष्कळदा झालं. मग बादली लागेनाशी झाली. बसून पडणं जमलं, मग उकिडवं, मग उभ्यानं. काकूंचे दोन्ही तळवे लाल व्हायचे आणि त्या कौतुकानं बघत बसायच्या. भोवळ काही पळाली नव्हती. ती यायचीच, पण आता आली की काकू मनात म्हणायच्या, ये बाई, बस, तुझं माझं ठरलेलं आहे. गुडघे किंचित वाकवायचे, वजन खाली सोडायचं, नजर एका जागी लावायची. कधीकधी तेवढ्यानंच ती जायची. दोऱ्याची रिळं आणायला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात एकट्या जाऊन आल्या. काका खांबाआड लपून मागोमाग होते, हे दुकानदारासकट सगळ्यांना दिसलं.

आणि मग तो दिवस. वर्गाहून परतताना फुटपाथची कड काकूंना दिसली नाही. पाय मुडपला, तोल गेला, आणि अंगानं आपोआप शिकलेलं काढलं. हनुवटी छातीशी गेली, उजवा हात आपटायला निघाला. पण तो हात मोकळा कुठं होता? काकांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

"सोडा! हात सोडा माझा! पडू द्या मला!"

काकांनी जास्तच घट्ट धरला. दोघं मिळून आदळले. काकूंचा खांदा काकांच्या वजनाखाली पिरगळला. लोक धावले. एका आजोबांनी तर काकांनाच दम भरला, की बाई सोडा म्हणतेय तर सोडत का नाही?

हात गळ्यात बांधून काकू घरी बसल्या. ताई भेटायला आल्या आणि जाताना दारात काकांना म्हणाल्या, "त्यांचा तो हात मोकळा असता ना, तर नुसतं खरचटलं असतं." त्या चिडून बोलल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, काकांना उलट बोलता तरी आलं असतं.

त्यानंतर काकांनी धरणं सोडलं. अगदीच सोडलं. रस्त्यानं चालताना हात मागं बांधून, चार हात अंतरावरून, फासावर निघाल्यासारखे चालायचे. काकूंना हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यांचं कोपर उघडं पडल्यासारखं गार लागत होतं. माणसाच्या मनाला काय म्हणावं! धरलं तरी जीव जातो आणि सोडलं तरी जातो.

खांदा बरा झाला तेव्हा एका मोठ्या घराचं काम आलं, उंच खिडक्यांचं. काका शिडी घेऊन निघाले, तर काकू चपला घालून दारात. "मी येतेय. चढणार नाही. वरचं माझं संपलं, ते मला कळतं." हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, पण त्या निघाल्या.

त्या घरात काकांनी दोरी काढली. काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली. "बांधू नका. मी धरते."

"आणि तुला भोवळ आली तर?"

"आली तर तुम्हाला आधी सांगेन, मग पडेन."

 काका पडदा खांद्यावर टाकून चढू लागले. काकूंनी गुडघे वाकवले, वजन खाली सोडलं, एक पाय खालच्या पायरीवर दाबला. मान वर करायची नाही म्हणून त्यांनी नजर समोर ठेवली. समोर काकांच्या पोटऱ्या होत्या, मग घोटे, मग टाचा, आणि मग नुसती शिडी.

शिडी थरथरत होती. काकूंना आधी वाटलं, आपलीच भोवळ. मग वाटलं, फरशी उंचसखल असेल. त्यांनी तळवे शिडीच्या दांड्यांवर सपाट दाबले, तेव्हा कळलं की थरथर वरून येतेय, माणसाच्या पायांतून. काका हे कधी बोलले नव्हते. इतकी वर्षं ते खालीच का उभे राहायचे, आणि आपण आजारी पडल्यापासून एकटे, दोरीच्या भरवशावर, घरोघरी कसे चढले असतील, हे काकूंना त्या लाकडातून समजलं. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"अगं," वरून काकांचा बारीक आवाज आला, "सोडू नकोस हं."

"नाही सोडत," काकू म्हणाल्या. "लावा तुम्ही सावकाश."