तेबानच्या हातची तारीख

सालुदने तेबानला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो डायव्हिंगच्या दुकानाच्या बोटीवर, फळीवर मांडी घालून हवेच्या सिलिंडरवरच्या चिकटपट्टीवर खेकडा काढत होता. बोटीवर स्वयंपाकाला ती त्याच दिवशी लागली होती. भाताचं पातेलं कुठे ठेवायचं हे विचारायला गेली, तर मान वर न करता तो म्हणाला, "थांबा नांग, एक पाय राहिलाय." त्या बेटावर वयाने मोठ्या बाईला नांग म्हणतात.

खेकडा म्हणजे ह्वांगसाहेब. दर मार्चला कोरियाहून यायचे आणि तेबानशिवाय दुसऱ्या कुठल्याच गाइडबरोबर बुडी मारायचे नाहीत. त्याला 'भाऊ' म्हणायचे. पाहुण्यांची नावं लिहायला अवघड, म्हणून तेबान प्रत्येकाला एक प्राणी नेमून देई. एका जाडजूड जर्मन बाईंना त्याने फुग्या मासा दिला होता. तुम्ही समुद्रातली राणी आहात, असं त्याने त्यांना सांगितलं होतं, आणि त्या खूश होत्या.

मग दुकानात नवे मॅनेजर आले, एडसेल सर. मनिलाचे, बोलायला नीटस, बुटांना कधी वाळू न लागलेले. त्यांनी पहिल्या आठवड्यात प्राणी बंद केले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. या सिलिंडरांत साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असतो. त्याने पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं, पण ठरलेल्या खोलीच्या खाली गेलं तर झटके येऊन माणूस तिथेच संपतो. पलीकडच्या गावात एकाने चुकून दुसऱ्याचा सिलिंडर पाठीला लावला होता. त्याला वर आणलं ते चादरीत गुंडाळायलाच. म्हणून आता ज्याचा सिलिंडर त्यानेच मोजायचा, त्याच दिवशी मोजायचा, पट्टीवर ऑक्सिजन, खोली, नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. आणि ज्याने पट्टी लावली त्यानेच ती काढायची.

या शेवटच्या कलमाने सगळ्यांचा जीव नकोसा केला. पाहुणे पट्टी न काढताच घरी निघून जात आणि भरायला आलेला सिलिंडर तसाच कोपऱ्यात उभा राही. "त्याला विमानतळावरून बोलावून आणू का, सर?" तेबान विचारी. "की पट्टी तिकडे पोस्टाने पाठवू?" डायव्हर लोक काउंटरवर रांग लावून कुरकुरत. मोजायचं यंत्र एकच, तेही सरांच्या कपाटात. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत ऊन डोक्यावर येई.

त्या मार्चमध्ये ह्वांगसाहेब आले ते काठी घेऊन. गुडघा गेला होता. बेटाच्या उत्तर टोकाला पाण्याखाली कड्यासारखी उतरणारी भिंत एकदा तेबानबरोबर पाहायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिथे पाण्याची ओढ इतकी की भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं तेवढ्या वेळातच उतरता येतं.

बोट पहाटे निघाली. भिंतीपाशी पोचल्यावर तेबानने साहेबांचा सिलिंडर उचलला आणि पट्टी पाहून परत खाली ठेवला. तारीख कालची होती. साहेबांनी आदल्या संध्याकाळीच मोजून ठेवलं होतं.

"साहेब, हा चालत नाही. आज मोजायला हवा होता."

"काल मीच मोजला ना, भाऊ? सिलिंडर तोच, मी तोच."

"यंत्र दुकानात आहे."

"मग तारीख बदल. तू लिही, मी सही करतो. माझ्या हातात मोजे आहेत."

तेबानने पाण्याकडे पाहिलं. ते तेलासारखं शांत पडलं होतं. सालुद कांदा चिरत होती, तिने सगळं ऐकलं. "दोंग," धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती हळूच म्हणाली, "साहेबांना त्यांच्याच हाताने लिहू दे. मोजे काढता येतात."

"पाणी थांबलंय, नांग. ते मोज्यांसाठी थांबत नाही."

त्याने जुनी पट्टी सोलली, बोटीवरच्या निळ्या पेनाने नवी लिहिली, साहेबांनी सही केली आणि दोघं उतरले. वर आल्यावर सालुदने दिलेल्या सूपचा वाडगा तसाच हातात धरून साहेब समुद्राकडे पाहत बसले. मग तेबानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता गुडघा गेला तरी चालेल."

बोट परतली तेव्हा एडसेल सर धक्क्यावरच उभे होते. दुकानातले पेन काळे होते, या पट्टीवरचं अक्षर निळं. त्यांनी एकदाच विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"अक्षर माझं आहे," तेबान म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

तेबान बोटीचा दोर बांधू लागला. साहेबांनी सांगावं म्हणून त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, पण ते सांगतील असं त्याला वाटत होतं. सालुदलाही वाटत होतं. ह्वांगसाहेबांच्या अजून दोन दिवसांच्या बुड्या बाकी होत्या, आणि नियम मोडणाऱ्या पाहुण्याला दुकान पुन्हा बोटीवर घेत नसे. ते काठीच्या टोकाकडे पाहत म्हणाले, "मी सही केली. तारीख वाचली नाही. गाइडवर आपण विश्वास ठेवतो."

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना?" सालुद पुढे झाली. "मी तिथेच होते, सर. हेच म्हणाले, तू लिही म्हणून."

"नांग, तुम्ही तुमची भांडी उतरवा," सर म्हणाले.

तेबानला दुपारीच कामावरून काढून घरी पाठवलं.

संध्याकाळी सालुद त्याच्या घरी गेली. तो अंगणात सुकट उलथत होता. "नाव घ्यायला जीभ झडली होती का तुझी?" ती म्हणाली.

"घेऊन काय झालं असतं? लिहिलं तर मीच ना."

"त्याने तुला विकलं, दोंग. दोन दिवसांच्या बुड्यांसाठी."

"स्वस्तात विकलं," तेबान म्हणाला आणि सुकटीची पुढची ओळ उलथायला लागला.

ते दोन दिवस साहेब दुसऱ्या गाइडबरोबर गेले. जाताना त्यांनी पोहताना पायात घालायची आपली रबरी पाती सालुदकडे दिली. चांगल्यातली होती. माझ्या भावाला द्या, म्हणाले. तिला ती फेकून द्यावीशी वाटली, पण दुसऱ्याची वस्तू, म्हणून नेऊन दिली. तेबानने ती उलटसुलट पाहिली.

"तुम्हीच ठेवा, नांग. मोठे मासे परतायला उलथनं होईल."

किनाऱ्यावरच्या बाकीच्या दुकानांत त्याने विचारून पाहिलं. गाइडने पट्टीवर खोटी तारीख टाकली, एवढंच सगळीकडे पोचलं होतं. का टाकली, हे त्याच्याबरोबर कुठेच पोचलं नव्हतं. एका मालकाने तर चहा पाजून नाही म्हटलं. वर्षभर असं चाललं, मग त्याने विचारणं सोडलं.

ह्वांगसाहेब पुढच्या मार्चलाही आले. गुडघा बदलून घेतला होता. सालुद त्यांना सगळ्यांसारखाच भात वाढते, पण नाव घेऊन बोलत नाही.

तेबान आता दुमागेते शहराच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात दिवसपाळीला असतो, आणि रविवारी त्याला सुट्टी असते.